यादीबाहेरची गावे : महाराष्ट्रातील आपत्ती-पूर्वतयारी कार्यक्रमांचे ऐतिहासिक मूल्यमापन (दिग्रस परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

नैसर्गिक आपत्तींना तोंड देण्यासाठी आखलेल्या पूर्वतयारी कार्यक्रमांचे मूल्यमापन बहुधा कार्यक्रमाने स्वतःच मांडलेल्या हिशेबावरून केले जाते. किती जिल्ह्यांचे आराखडे तयार झाले, किती प्रशिक्षण वर्ग झाले, किती बोटी खरेदी केल्या, रंगीत तालमी किती झाल्या, या आकड्यांना अहवालात प्रथम स्थान मिळते. हे आकडे खोटे असतात असे नाही. परंतु ज्या गावाला कोणत्याही नकाशाने वा यादीने धोक्याचे गाव ठरवले नव्हते, तेथे आपत्ती कोसळल्यावर काय घडले, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. महाराष्ट्राचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहता हा प्रश्न अपवादात्मक नसून मध्यवर्ती आहे, असे दिसून येते.

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुका या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. येथे समुद्रकिनारा नाही, सह्याद्रीचे कडे नाहीत आणि भूकंपप्रवण प्रदेश म्हणूनही या भागाचे नाव घेतले जात नाही. आपत्ती व्यवस्थापनावरील राज्यस्तरीय चर्चेत असा तालुका क्वचितच येतो. प्रत्यक्षात पावसाचा खंड, अतिवृष्टी, नाल्यांचे अचानक येणारे पूर आणि वीज पडून होणारे मृत्यू ही येथील नित्याची संकटे आहेत. यादीबाहेर राहण्याचा अनुभवही या प्रदेशाला नवा नाही. त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात सापडते.

सुरक्षित मानलेला वऱ्हाड

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्याच्या आधारे १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा, म्हणजे 'फॅमिन कोड'चा, तात्पुरता मसुदा प्रांतांकडे पाठविण्यात आला. आधुनिक भारतातील पूर्वतयारीचा हा पहिला सुसंघटित कार्यक्रम म्हणता येईल. संहितेचे वैशिष्ट्य केवळ मदतकार्याच्या नियमांत नव्हते. दुष्काळ येण्यापूर्वीची चिन्हे तिने नोंदवून ठेवली होती : धान्याचे भाव चढणे, सावकाराने हात आखडता घेणे, खाजगी दानधर्म आटणे, किरकोळ चोऱ्या वाढणे, गुरांचे कळप नेहमीच्या वाटा सोडून फिरू लागणे, माणसे निरुद्देश भटकू लागणे. अशी चिन्हे दिसताच चाचणी म्हणून कामे उघडावीत आणि तेथे मजुरांची गर्दी झाली तर टंचाई खरी मानावी, अशी तिची रीत होती. चिन्ह, ते पाहणारा अधिकारी आणि त्याने उचलायचे पाऊल या तिन्ही गोष्टी कागदावर एकमेकींना जोडलेल्या होत्या. नंतरच्या अनेक आराखड्यांना हे साधलेले नाही.

मात्र संहितेच्या अंमलबजावणीत प्रांताविषयीची समजूत आड येत असे. काळी कसदार जमीन, कापसाचे नगदी पीक आणि बहुतांशी भरवशाचा पाऊस यांमुळे वऱ्हाड हा दुष्काळापासून बराचसा सुरक्षित प्रदेश मानला जात होता. दिग्रस त्या काळी वणी जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात मोडत असे. या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळाले. १८९६-९७ मध्ये वऱ्हाडाला झळ बसली आणि १८९९-१९०० च्या दुष्काळाने तो समजुतीचा डोलारा पार कोसळला. १८८१ ते १८९१ या दशकात वाढून सुमारे २८.९७ लाख झालेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत २७.५४ लाखांवर आली. लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या कालखंडातील वऱ्हाडच्या कापूस व दुष्काळाचा जो अभ्यास केला आहे, त्यात कापसाच्या विस्ताराचा आणि अन्नसुरक्षेच्या ऱ्हासाचा संबंध मांडला आहे. ज्या समृद्धीमुळे प्रांत सुरक्षित भासत होता, तीच त्याच्या दुबळेपणाचे एक कारण होती. कापूस वेचणाऱ्या मजुराच्या घरी धान्याची कणगी नव्हती. पीक बुडताच त्याची मजुरी बुडाली आणि बाजारात धान्य असूनही ते विकत घेण्याची ऐपत त्याच्याकडे उरली नाही.

अँटनी मॅकडॉनेल यांच्या आयोगाने १९०१ मध्ये यावर जे भाष्य केले, ते आजही वाचण्यासारखे आहे. लोकांचा धीर सुटण्यापूर्वीच सरकारने तगाई, महसुलातील सूट आणि कामांची घोषणा करून त्यांना आश्वस्त करावे, असे त्या आयोगाचे म्हणणे होते. उशिरा आलेली भरपूर मदत ही वेळेवर आलेल्या थोड्या मदतीपेक्षा महाग पडते, हा हिशेब वसाहतवादी प्रशासनालाही कळलेला होता.

संहिता कोणाची ?

संहितेच्या इतिहासातील एक प्रसंग मूल्यमापनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखालील पुणे सार्वजनिक सभेने आपले प्रतिनिधी खेडोपाडी पाठवून संहितेनुसार रयतेला कोणते हक्क आहेत, हे सांगण्यास सुरुवात केली. संहिता सरकारनेच केलेली होती. सभेने तिच्यात काहीही भर घातली नव्हती. तरीही १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. तिजोरीतील नियम लोकांच्या तोंडी गेला की त्याचे स्वरूप बदलते, हे त्या राजवटीने अचूक ओळखले होते. अधिकाऱ्यासाठी असलेली सूचना रयतेची मागणी बनते.

ही मागणी नसेल तर उत्तमात उत्तम संहिताही कपाटात राहते. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीरच करण्यात आला नाही, त्यामुळे संहिता लागू झाली नाही आणि वीस ते तीस लाख माणसे मृत्युमुखी पडली. चिन्हे सर्वांना दिसत होती, परंतु ती मान्य करण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता, खर्चही त्यांनाच करावा लागणार होता. स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पुष्कळ पालटली, तरी शब्दांविषयीची ही सावधगिरी टिकून राहिली. महाराष्ट्र विधिमंडळाने १९६३ मध्ये राज्यातील कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द वगळून त्या जागी 'टंचाई' या अर्थाचा शब्द घालणारा स्वतंत्र अधिनियमच संमत केला. दुष्काळ हटवण्यापूर्वी त्याचे नाव हटवले गेले, अशी टीका त्यावर झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती.

रोजगार हमी : मागणीला कायद्याचा आधार

१९७०-७३ च्या अवर्षणात महाराष्ट्राने केलेले काम हे जगभरच्या अभ्यासकांनी यशस्वी दुष्काळनिवारणाचे उदाहरण म्हणून नोंदवले आहे. ज्याँ द्रेझ यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे दिग्रसशेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, सोबत सुकडी आणि मिलो हे शब्द त्या पिढीच्या बोलण्यात कायमचे राहिले. उत्पादनात प्रचंड घट होऊनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत.

त्यापुढील पाऊल अधिक महत्त्वाचे ठरले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना आकाराला आली होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, हे त्याचे सूत्र होते. दुष्काळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार यामुळे अंशतः का होईना, मजुराकडे आला. एखादे गाव टंचाईग्रस्त गावांच्या यादीत असो वा नसो, पन्नास माणसे काम मागायला उभी राहिली की ती मागणी हीच चाचणी ठरत होती. संहितेच्या काळातील चाचणी-कामांचे हे लोकशाही रूप होय.

योजनेतील भ्रष्टाचार, बोगस हजेरीपट आणि मजुरीतील विलंब यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. वऱ्हाडच्या संदर्भात आणखी एक उणीव सांगावी लागते. रोजगार हमीने मजुराच्या भुकेचा विचार केला; कर्ज काढून कापूस पेरणाऱ्या अल्पभूधारकाच्या नादारीला तिच्यात जागा नव्हती. १९९० च्या दशकापासून यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी जे रूप धारण केले, ते उपासमारीचे निकष लावणाऱ्या कोणत्याही यंत्रणेला वेळेत दिसले नाही. २००६ मध्ये यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. ते पूर्वतयारी नव्हते, ती मागाहून आलेली मदत होती.

भूकंप : नकाशाने दिलेली हमी

दुष्काळ हळूहळू येतो, त्याची चिन्हे वाचायला महिने मिळतात. भूकंपाच्या बाबतीत ही सवड नसते, म्हणून पूर्वतयारीचा सारा भार धोक्याच्या नकाशावर आणि बांधकामावर पडतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने सुमारे १८० बळी घेतले आणि दख्खनचे पठार अचल आहे या समजुतीला पहिला मोठा तडा दिला. तरीही पुढील पाव शतकात मराठवाड्यातील भूकंपक्षेत्राचे वर्गीकरण बदलले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांना हादरवणारा भूकंप झाला तेव्हा किल्लारी हे नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होते. अधिकृत आकड्यांनुसार जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. नकाशात दुरुस्ती झाली ती २००२ मध्ये.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका झाली होती आणि ग्रामस्थ घाबरून गेले होते. या धक्क्यांवरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करणे शास्त्राला शक्य नव्हते, त्यामुळे शास्त्रज्ञांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद धक्क्यात टिकणार नाही, हे सांगायला भाकिताची गरज नव्हती. भिंतीच्या आरपार जाणारे दगड घालणे किंवा छतावरील मातीचा थर कमी करणे ही गवंड्याच्या आवाक्यातील कामे होती. नकाशाने गाव सुरक्षित ठरवले असल्याने धक्क्यांची भीती आणि घराची भिंत यांचा संबंध जोडण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. मूल्यमापनात या गावांचे छायाचित्र पुढे येते. वास्तविक त्या प्रकल्पाचा अधिक मोलाचा भाग होता तो जागच्या जागी घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्याचा, कारण त्यात घरमालक स्वतः काम करवून घेत होता आणि स्थानिक गवंडी नवी पद्धत शिकत होते. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या सहभागाने गावोगावी नेमलेल्या महिला 'संवाद सहायक' अनुदान, साहित्य आणि बांधकामाची माहिती घरोघर पोहोचवत होत्या. याउलट पुनर्वसित गावांत कालांतराने लोकांनी स्वतः वाढवलेल्या खोल्या पुन्हा जुन्याच रीतीने उभ्या राहिल्याचे अभ्यासकांना आढळले. दगडावरचा विश्वास उडाला, पण दगड कसा रचावा हे ज्ञान सर्वत्र रुजले नाही.

आराखड्यांचा काळ

किल्लारीनंतर महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार केले, नियंत्रण कक्ष उभारले, पुण्याच्या यशदा संस्थेत प्रशिक्षण सुरू झाले. देशात हे काम त्या काळी अग्रेसर मानले जात असे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच वेळी कुलाब्यात तो जेमतेम ७३ मिलिमीटर होता. मुंबईचा आपत्ती आराखडा अस्तित्वात होता, मात्र उपनगरात काय चालले आहे याची वेळेवर जाणीव आणि ती सांगण्याची वाट यांचा अभाव होता. माधवराव चितळे समितीने मिठी नदी, पर्जन्यजलवाहिन्या आणि पूर्वसूचना यंत्रणा यांची सविस्तर चिकित्सा केली. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम आला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे स्थापन झाली. त्या अधिनियमाने अपेक्षिलेला राष्ट्रीय आराखडा मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी देशातील पूर्वतयारीवर जो अहवाल सादर केला, त्यातही ही दिरंगाई ठळकपणे नोंदवलेली होती.

दरडींच्या बाबतीत यादीची मर्यादा फारच स्पष्ट झाली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव गाडले गेले, १५१ माणसे दगावली आणि बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली ती गाव दिसेनासे झाल्याचे पाहिलेल्या एस. टी. बसच्या चालकामुळे. त्यानंतर धोकादायक गावांच्या याद्या करण्याचे काम जोमाने झाले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे पुन्हा तेच घडले. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने विधानसभेत सांगितले. सांगणे खरे होते. मात्र याच खरेपणात कार्यक्रमाचे अपयश दडलेले आहे.

याच्या उलट बाजूस बांगलादेश आणि ओडिशाचा अनुभव ठेवता येतो. १९७० च्या चक्रीवादळात तीन लाखांहून अधिक बळी गेल्यानंतर बांगलादेशाने किनाऱ्यावरील गावांमध्ये स्वयंसेवकांची साखळी उभी केली. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले होते. ऑक्टोबर २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी सुमारे दहा लाख लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. निवारे, उपग्रह, संगणकीय अंदाज यांचा वाटा मोठा आहेच. परंतु शेवटच्या टप्प्यात दार ठोठावणारा माणूस त्या गावातलाच होता आणि कोणत्या इशाऱ्यावर निघायचे हे त्याला आधीच माहीत होते.

दिग्रस परिसर : मोजमाप आणि इशारा

दिग्रसजवळ अरुणावती नदीवर धरण आहे, शहराच्या कडेने धावंडा नदी वाहते आणि तालुक्यातील अनेक रस्ते नाल्यांवरील ठेंगण्या पुलांवरून जातात. पूररेषेच्या संकल्पनेनुसार निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठी २०१९ व २०२१ मध्ये या रेषांवर राज्यभर चर्चा झाली. नाल्याच्या पुलाला मात्र अशी रेषा नसते.

२८ सप्टेंबर २०२१ रोजी याच जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात दहागाव येथे पुराचे पाणी पुलावरून वाहत असताना एस. टी. बस वाहून गेली आणि प्रवासी प्राणास मुकले. २२ जुलै २०२३ रोजी अतिवृष्टीने जिल्हा जलमय झाला. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला आणि हवाई दलाची मदत मागवावी लागली. बचाव पथकांचे काम प्रशंसनीय होते. तरी दहागावच्या पुलावर गरज होती ती हेलिकॉप्टरची नव्हे. पाणी पुलाला लागताच वाहतूक थांबवण्याचा अधिकार असलेल्या आणि वेळीच तेथे पोहोचलेल्या एका माणसाची गरज होती.

वीज पडून होणारे मृत्यू तर आपत्तीच्या कल्पनेतच नीट बसत नाहीत. पेरणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत शेतावर एक-दोन माणसे जातात. आकडा वर्षाखेरीस मोठा होतो, पण एका दिवशी, एका गावात तो मोठा दिसत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे उपयोजन मोबाईलवर विजेची सूचना देते. ती सूचना ज्याच्या खिशात मोबाईल आहे आणि शिवारात रेंज आहे, त्याच्यापर्यंत पोहोचते.

पावसाचे मोजमाप आज पूर्वीपेक्षा कितीतरी दाट झाले आहे. 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी मानली जाते. मग तलाठी (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी), कृषी व ग्रामपंचायत कर्मचारी पंचनामे करतात. २०१५ पासून नुकसानीची मर्यादा ५० ऐवजी ३३ टक्के झाल्याने अधिक शेतकरी पात्र ठरू लागले. ही सुधारणा मोलाची आहे. दुष्काळाच्या बाबतीत पन्नास पैशांखालील पैसेवारीलाही हीच भूमिका दीर्घकाळ बजवावी लागली. ज्याच्या शिवारात ढग फुटला, पण मंडळाच्या केंद्रावर साठच मिलिमीटर नोंद झाली, तो शेतकरी पुन्हा यादीबाहेर राहतो. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाड प्रांताच्या बाबतीत जे घडले, ते आता एका मंडळाच्या आकारात घडते.

यातील विसंगती अशी की हा ६५ मिलिमीटरचा आकडा नुकसानभरपाईचे दार उघडतो, इशाऱ्याचे नाही. केंद्रावरील यंत्र पावसाची नोंद ठेवत असते आणि तीच नोंद नंतर पंचनाम्याच्या फाईलमध्ये पुरावा म्हणून जोडली जाते. मधल्या तासांत ती वरच्या गावाकडून खालच्या गावच्या पोलीस पाटलाकडे, तेथून पुलावर आणि शाळेत कोणी, किती मिलिमीटरवर कळवायची, याचे उत्तर आराखड्यात शोधावे लागते. दिग्रससारख्या तालुक्याच्या पूर्वतयारीचे मूल्यमापन करणाऱ्याने जिल्हा कार्यालयातील आराखड्याची प्रत पाहण्यापूर्वी पावसाळ्यातील एखाद्या सायंकाळी नाल्यावरच्या पुलाजवळ उभे राहून, रस्ता कोण बंद करतो आणि त्याला ते कोणी सांगितले, एवढेच विचारावे.